घड्याळजीची कसोटी

जुन्या वस्तूंवरच्या या स्तंभाच्या वाचकांकडून एक प्रश्न सारखा येत असतो: आज दुकानात मिळणारी कुठली वस्तू पन्नास वर्षांनी मोलाची ठरेल? पेनं आणि कॅमेऱ्यांच्या बाबतीत मी हे उत्तर देणं आजवर टाळलं. या आठवड्यात मात्र विचारणा आली ती मासे गरवण्याच्या रिळांबद्दल. तिथे मी उत्तर देणार आहे, कारण त्याची कसोटी मी लहानपणी रत्नागिरीत डोळ्यांनी पाहिली आहे.

माझा मामा बोटीवर होता. एका सुट्टीत त्याने लाल रंगाचं ॲम्बॅसडर ५००० आणलं. चामड्याच्या लहानशा पेटीत रीळ, शेजारी तेलाची नळी, एक पाना आणि थोडे सुटे भाग. भगवती किल्ल्याखालच्या खडकांवर तो गरवायला जाई. तंगूसची दोरी भराभर सुटे, गरी लांब पाण्यात पडे आणि एखादी तांबोशी लागली की रीळ कर्र करून ओरडे. घरी आल्यावर तो ओटीवर वर्तमानपत्र पसरून रीळ उघडायचा, खार पुसायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचा. हे त्याने कधी चुकवलं नाही.

दोरी एका कडेला साचू नये म्हणून या रिळात एक छोटासा दात असतो. आडव्या दांड्यावर उलटसुलट खाच कोरलेली असते; तिच्यातून तो दात सरकतो आणि दोरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो-आणतो. सगळ्यात आधी झिजतो तो हाच. पेटीतला सुटा दात वापरून संपला, तेव्हा मामा मला घेऊन बाजारपेठेतल्या घड्याळजींकडे गेला. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, झिजलेला दात चिमट्यात धरून बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, “तात्या, हे घड्याळच आहे हो. ठेवून जा.” चार दिवसांनी पितळेच्या तुकड्यातून घासून काढलेला नवा दात तयार होता.

घड्याळजी अगदी बरोबर बोलले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ज्या आबू कंपनीचं ते रीळ, तिच्या नावाचाच अर्थ घड्याळांचा कारखाना. स्वीडनमधल्या स्वेंग्स्ता गावी १९२१ साली ती सुरू झाली आणि रिळांकडे वळण्याआधी तिथे टॅक्सीचे मीटरही बनले. फ्रान्सचं प्रसिद्ध मिचेल रीळ क्लूझ गावचं, आणि ते गाव घड्याळांच्या सुट्या भागांसाठी ओळखलं जाणारं. अमेरिकेत केंटकी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या जॉर्ज स्नायडरने दातेरी चाकांची रिळं बनवली, तो घड्याळं आणि चांदीकाम करणारा कारागीर. टेक्सासचा आर. डी. हल हाही घड्याळजीच. दुकानात पुडा बांधताना गुंड्यावरून सरसर सुटणारी दोरी पाहून त्याला कल्पना सुचली, आणि तेलविहिरींसाठी स्फोटकं बनवणाऱ्या तल्सा शहरातल्या कंपनीकडे तो ती घेऊन गेला. त्यातून १९४९ मध्ये झेब्को रीळ जन्माला आलं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. पन्नास वर्षांनी कंपनी असेल-नसेल, पण एखादा चांगला घड्याळजी ते रीळ उघडून पुन्हा चालू करू शकेल का? ज्याचं उत्तर ‘हो’ येतं, ते टिकेल, आणि टिकेल त्यालाच मोल येईल.

आज संग्राहक ज्यांच्यामागे धावतात ती रिळं पाहा. इंग्लंडमधल्या ॲनिक गावच्या हार्डी ब्रदर्सचं ‘परफेक्ट’ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलं. ते बनलं मासे गरवण्यासाठी, कपाटासाठी नव्हे. दोरी सुटताना आवाज करणारी आणि तिला आवर घालणारी जी रचना आत असते, तिला ‘चेक’ म्हणतात. हार्डीने ती वेळोवेळी बदलली. जाणकार माणूस रीळ उघडतो आणि चेकची घडण पाहून त्याचा काळ सांगतो. उघडता येतं म्हणून ओळखता येतं, आणि ओळखता येतं म्हणून किंमत ठरते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. मिचेल ३०० अतिशय उत्तम रीळ, पण जगभर इतकं खपलं की सर्वसाधारण नग आजही स्वस्तात मिळतो. मागणी आहे ती अगदी सुरुवातीच्या, अर्ध्या बेलच्या मिचेलला. बेल म्हणजे दोरी पकडून गुंडाळणारी तार. पहिल्या मिचेलवर ती अर्धीच होती. तेव्हा गुण असून भागत नाही. तो नग कुठल्या वळणावरचा आहे हेही बघावं लागतं.

आता अलीकडच्या रिळांचं भाकीत करतो.

पहिलं नाव शिमानोच्या स्टेलाचं. ही कंपनीही १९२१ चीच, जपानमधल्या साकाई गावची, सायकलींच्या सुट्या भागांत वाढलेली. १९९२ मध्ये आलेल्या पहिल्या स्टेलाने मूठ फिरवताना हाताला जो गुळगुळीतपणा दिला, त्याच्याशी पुढची रिळं ताडून पाहिली जाऊ लागली. तिच्यात सगळं यंत्राचं काम आहे. पहिल्या पिढीची, नीट वापरलेली स्टेला उद्याची मोलाची वस्तू आहे असं मी ठामपणे म्हणतो.

दुसरा गट लहान कार्यशाळांचा. न्यू हॅम्पशरमधले स्टॅन बोगदान २०११ मध्ये गेले. त्यांची हाताने घडवलेली रिळं मिळवायला लोक वर्षानुवर्षं थांबत, आणि ती आजच संग्रहात गेली आहेत. त्याच वाटेने फ्लोरिडातली टिबोर रिळं जातील. ती घडवणारे टेड युराचिक हंगेरीतून आलेले, साचे आणि हत्यारं बनवणारे कारागीर. अखंड ॲल्युमिनियमच्या कांबीतून कातून काढलेलं असं रीळ समुद्राचं खारं पाणी सोसतं आणि त्याची रचनाही सोपी असते.

तिसरं, स्वीडनमध्ये बनलेली नंतरच्या काळातली ॲम्बॅसडर. त्यांच्या पायावर कोरलेल्या आकड्यांवरून बनावटीचं साल आणि महिना काढता येतो. संग्राहकाला आणखी काय हवं?

चौथ्या नावापाशी मी अडखळतो. २००३ च्या शिमानो कलकत्ता कॉन्क्वेस्ट डीसीमध्ये फिरत्या रिळातूनच वीज तयार होते आणि एक चिप गरी फेकताना ब्रेक सांभाळते. हे खरंच मोठं वळण आहे, म्हणून पहिले नग जपले जातील. पण ती चिप गेली तर कुठला घड्याळजी नवी घासून देणार? ते रीळ कपाटात राहील, पाण्यावर जाणार नाही.

आणि ज्यांच्यावर मी पैसे लावणार नाही, तीही सांगतो. पाणी शिरू नये म्हणून आत चुंबकीय तेल भरून मोहोरबंद केलेली रिळं वापरायला छान असतात, पण मालकाने ती घरी उघडायची नसतात. पन्नास वर्षांनी ते तेल भरून कोण देईल? दुसरी, ‘मर्यादित आवृत्ती’चा शिक्का मारून विकलेली. रंग बदलला, नाव कोरलं, आतलं यंत्र तेच. जी वस्तू विकत घेणारा प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून जपून ठेवतो, ती दुर्मीळ होणार कशी? मामाचं रीळ अशा लाखो रिळांपैकी आहे जी वापरली गेली, हरवली, गंजली. म्हणून उरलेल्यांना अर्थ आला.

न उघडलेल्या खोक्याला बाजारात जास्त भाव मिळतो, हे मला माहीत आहे. खोकं, कागद, चामड्याची पेटी जरूर सांभाळा. पण रीळ वर्षानुवर्षं बंद ठेवलं तर आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं घट्ट होतं. त्याला वर्षातून एकदा तरी बाहेर काढा, उघडा, पुसा, तेल द्या. शक्य असेल तर खडकावर नेऊन दोन-चार वेळा दोरी फेका. खोक्यातला सुट्या भागांचा नकाशा रद्दीत टाकू नका. पुढे कधी भाग घडवून घ्यावा लागला तर तोच कागद कारागिराच्या कामी येतो.

मामाचं लाल रीळ आता माझ्याकडे आहे. मागे एका संग्राहकाने ते पाहिलं आणि सुचवलं की पितळेचा दात काढून मूळ बनावटीचा बसवला तर किंमत वाढेल. मूळ दात मी मिळवला आणि पेटीतल्या रिकाम्या खणात ठेवला. रिळात मात्र घड्याळजींचाच दात आहे, आणि गेल्या दिवाळीत भगवतीखाली तंगूस सोडली तेव्हा त्याने ती या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी गुंडाळली.