पहिलीचा सत्कार झाला, पुढच्या मुलींचे काय?

सुरेखा यादव सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वेतून निवृत्त झाल्या. आशियातील पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेली साताऱ्याची ही मुलगी प्रशिक्षणासाठी आली ती आपल्या कल्याणात.

पण ठाण्याला रेल्वे १८५३ साली आली आणि या बाई नोकरीला लागल्या १९८०च्या दशकाच्या अखेरीस. सव्वाशेहून अधिक वर्षे बाईला इंजिनापासून दूर कुणी ठेवले?

बाईच्या अंगात ताकद नाही, असे सांगतात. वीटभट्टीवर, बिगारीवर आमच्या आया-आज्यांनी ओझी वाहिली तेव्हा ताकदीचा प्रश्न कुणी काढला नाही. बाईचा घाम चालतो, तिचे कौशल्य आणि त्याचा पगार चालत नाही, हे खरे दुखणे आहे. त्यात जात मिसळली की आमच्या वस्तीतली बाई एमआयडीसीत शिरते ती ठेकेदाराची झाडूवाली किंवा पॅकिंगवाली म्हणून.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांसाठी तंत्रशिक्षण आणि रेल्वे कारखान्यांत शिकाऊ जागा मागितल्या. संरक्षण आणि कौशल्य, दोन्ही हवे. एकाने भागत नाही.

१९४८च्या कारखाना कायद्याने तीसहून जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. खर्च टाळायचा तर बायकाच कमी घ्या, ही पळवाट त्यातच होती. २०२०च्या संहितेने ही अट एकूण ५० कामगारांवर नेली. हे योग्यच, कारण मूल बापाचेही असते. पण डोंबिवलीतल्या छोट्या युनिटांचे काय?

म्हणून आमची मागणी आहे: छोट्या कारखान्यांसाठी एमआयडीसीने सामायिक पाळणाघर चालवावे, पाळी सुटताना स्टेशनपर्यंत बस द्यावी, स्वच्छ स्वच्छतागृहे असावीत आणि शिकाऊ भरतीत मुलींना खरोखर यंत्रावर उभे करावे.

आणि एक प्रश्न आपल्यालाही. आयटीआयचा अर्ज भरताना मुलीला शिवणकाम आणि मुलाला फिटर, असे आपणच का लिहितो? यंदा जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक विहाराने एका तरी मुलीची तंत्रशिक्षणाची फी भरावी. बाबासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!