घर गार ठेवायचे तर आधी गच्ची पाहा

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी सांगितले, की नव्या एसीचे तापमान २० ते २८ अंश सेल्सिअसच्या मर्यादेत बांधण्याचा सरकारचा विचार आहे. लगेच वाद सुरू झाला. आमच्या खोलीत किती अंश ठेवायचे हे सरकार ठरवणार का, असा एका बाजूचा सवाल. विजेची उधळपट्टी कुठेतरी थांबायलाच हवी, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. विजेची चिंता खरी आहे. ३० मे २०२४ रोजी, उष्णतेच्या लाटेत, देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे गणित आहे. २०२० पासून नवा एसी सुरू करताच २४ अंशांवर यावा, अशी व्यवस्थाही आहे.

पण केंद्र सरकारच्याच २०१९ च्या शीतलीकरण आराखड्यानुसार, तेव्हा देशातील जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता. त्यानंतर संख्या वाढली असली तरी बहुतेक कुटुंबे अजूनही उन्हाळा पंख्याखाली किंवा कूलरसमोरच काढतात. त्यांच्यासाठी रिमोटवरच्या आकड्याची चर्चा निरर्थक आहे. आणि ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांना १८ अंशांची गरज का भासते, हा प्रश्नही तसाच राहतो.

त्याचे उत्तर बहुधा डोक्यावर असते. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. भर दुपारी गडद गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. ही उष्णता स्लॅबमधून खाली उतरायला काही तास लागतात. त्यामुळे बाहेर झुळूक सुटलेली असते, तेव्हा घरातले छत सर्वांत तापलेले असते. आपल्या शरीराला केवळ हवेचे तापमान जाणवत नाही; भोवतालच्या भिंती आणि छत यांतून येणारी उष्णताही जाणवते. म्हणून हवा २४ अंशांवर आणली तरी वरच्या मजल्यावरच्या माणसाला बरे वाटत नाही, आणि हात पुन्हा रिमोटकडे जातो. पत्र्याच्या घरात तर दुपारीच भट्टी होते.

आरोग्याच्या दृष्टीने यातली रात्र महत्त्वाची. दिवसा तापलेले शरीर रात्री सावरते. तेव्हाही घर निवले नाही तर हृदयावरचा ताण सुटत नाही आणि झोप तुटते. वृद्धांना तहान कमी जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी लवकर घटते. अशा माणसांना उष्माघात उन्हात न जाता, घरातल्या घरातही होऊ शकतो. बोलण्यात असंबद्धता आली, अंग चटका बसेल इतके तापले, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ ला फोन करावा. वाट पाहू नये.

उपायाची सुरुवात म्हणूनच छतापासून. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दिला, तर बरेचसे ऊन आत शिरण्याआधीच परत जाते. घराच्या रचनेनुसार आतले तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत कमी राहू शकते. सर्वाधिक फरक पत्र्याच्या आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरांत पडतो. चुना स्वस्त आहे, पण पावसात धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी द्यावा लागतो. चांगला परावर्तक रंग काही वर्षे टिकतो, मात्र धूळ साचली की त्याचाही गुण कमी होतो. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत जाड मातीचे छत हेच काम वेगळ्या रीतीने करत असे. आपण माती काढून स्लॅब घातला, पण त्यावर ऊन रोखणारे काहीच ठेवले नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे खिडकी. ऊन काचेतून आत आले की पडदा ओढून फारसा उपयोग होत नाही. ते बाहेरच अडवायला हवे. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक, हिरवी जाळी किंवा वाळ्याचा पडदा लावावा. दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते, तेव्हा खिडक्या बंद. रात्री आणि पहाटे समोरासमोरच्या उघड्या. नव्या इमारतींतल्या सरकत्या खिडक्या एका वेळी निम्म्याच उघडतात, हेही घर घेताना पाहावे.

तिसरा क्रम यंत्रांचा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. रोज १५ तास चालला तर चार महिन्यांत ८१ युनिट वाचतात, तेही एका पंख्यामागे. एसी असेल तर तो २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. वाऱ्यामुळे घाम उडतो आणि तितकेच बरे वाटते. मात्र खोलीतली हवाच ४० अंशांवर गेली, तर नुसता पंखा शरीर आणखी तापवतो. तेव्हा अंगावर ओले फडके हवे.

विदर्भातला कूलर हे कोरड्या हवेचे यंत्र आहे. तिथे तो हवा दहा-बारा अंशांनीही गार करतो आणि एसीच्या तुलनेत अगदी थोडी वीज घेतो. अट एकच, हवा बाहेर जायला खिडकी उघडी हवी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत मात्र तो गारव्यापेक्षा चिकचिकच वाढवतो. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढावा, अर्थिंग तपासून घ्यावे. विजेच्या धक्क्याने दर उन्हाळ्यात जीव जातात. आणि डेंग्यूच्या डासांसाठी आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करावी.

हे सारे माहीत असूनही घडत का नाही? कारण ज्याला उकाडा सोसावा लागतो, त्याच्या हातात गच्ची नसते. सोसायटीत रंगाचा खर्च सर्वांचा आणि लाभ मुख्यतः वरच्या मजल्याचा. भाड्याच्या खोलीत मालक वेगळा. वस्तीत पैसाच नाही. इथे सरकारचे काम सुरू होते. २०१० च्या जीवघेण्या मे महिन्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला आणि पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम त्यात घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. घरांच्या भिंती आणि छतांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा घालणारी ‘इको निवास संहिता’ केंद्राने २०१८ मध्येच आणली. पण राज्यांनी आपल्या बांधकाम नियमांत घेतल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही. घरकुल योजनेतल्या प्रत्येक घराला पांढरे छत द्यायला फार मोठा खर्च येणार नाही.

एसीला मर्यादा घालायची तर जरूर घालावी. पण तापलेल्या छताखाली राहणाऱ्याला २० अंशही कमी पडतात, आणि ज्याच्याकडे एसी नाही त्याला त्या आकड्यातून काहीच मिळत नाही. पुढच्या सोसायटी सभेत पार्किंगआधी गच्चीचा विषय घ्या. चुन्याचे काम पावसाळ्यानंतर ठरवले तर पुढच्या मार्चआधी नक्की होते.