पाणपोईवर तिकीटखिडकी

एखाद्या सद्गृहस्थाने वेशीवर पाणपोई घालावी आणि दुसऱ्या कोणी तेच पाणी बाटल्यांत भरून बाजारात विकावे, हे एक वेळ समजू शकते. बाटलीचे, वाहतुकीचे, दुकानाच्या भाड्याचे पैसे त्याने घ्यावेत. परंतु असल्या विक्रेत्याचा वसुली कारकून उद्या पाणपोई घालणाऱ्याच्याच दारात उभा राहिला आणि ‘आमचे पाणी प्यालात, पैसे टाका’ म्हणू लागला, तर त्याला काय म्हणावे? हा कल्पनाविलास नव्हे. अमेरिकेत हे अक्षरशः घडले आहे.

कॅरोल हायस्मिथ या तेथील नामवंत छायाचित्रकार. आपल्या देशाचे रूप पुढच्या पिढ्यांना पाहता यावे म्हणून अमेरिकेच्या साऱ्या राज्यांतून फिरून त्यांनी छायाचित्रे टिपली आणि १९८८ पासून ती ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या राष्ट्रीय ग्रंथालयाला देत आल्या. कोणीही पाहावीत, कोणीही छापावीत, एक छदामही देऊ नये, अशी त्या दानाची धारणा. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्याच संस्थेला एक नोटीस आली. ‘अलामी’ या छायाचित्र-विक्री पेढीच्या वतीने वसुली करणाऱ्या कंपनीची ती नोटीस होती. संस्थेच्या संकेतस्थळावरील एक छायाचित्र विनापरवाना वापरले आहे, सबब १२० डॉलर भरावेत! छायाचित्र अर्थातच हायस्मिथ यांनी स्वतः काढलेले. चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. साहेबाच्या देशात ती छापील पत्रशीर्षावर येते, इतकाच फरक.

शोध घेता आढळले की, ‘गेटी इमेजेस’ या या व्यवसायातील बलाढ्य पेढीच्या दुकानातही हायस्मिथ यांची १८,७५५ छायाचित्रे परवाना-शुल्क आकारून विक्रीस ठेवलेली आहेत. जुलै २०१६ मध्ये त्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि सुमारे १०० कोटी डॉलरची भरपाई मागितली. पेढीचे उत्तर सरळ होते. छायाचित्रे सार्वजनिक मालकीची आहेत, सार्वजनिक वस्तू विकण्यास कायद्याची बंदी नाही, आम्ही केवळ वितरणाचे पैसे घेतो. न्यायालयाने २०१६ संपण्यापूर्वीच मुख्य दावा फेटाळला आणि उरलेसुरले मुद्दे आपसांत मिटले.

कायद्याच्या चौकटीत हा निर्णय बसत असेलही. त्याविषयी येथे वाद नाही. सार्वजनिक वस्तू विकण्याचा अधिकार आणि ती आपलीच असल्याचा आव आणण्याचा अधिकार, या दोन गोष्टी एक आहेत काय? हेच छायाचित्र ग्रंथालयात विनामूल्य मिळते, हे गिऱ्हाइकाला सांगायचे नाही, ते देणाऱ्या बाईंचे नाव जेथे असायला हवे तेथे ठेवायचे नाही, असा हायस्मिथ यांचा आक्षेप होता. पैशापेक्षा नावाचा हा आक्षेप मोठा आहे. नाव पुसले की दान दिसेनासे होते आणि दान दिसेनासे झाले की तिकीटखिडकी उघडायला मोकळीक मिळते.

नाव पुसण्याचा याहून उघडा प्रकार हैतीत घडला. १२ जानेवारी २०१० रोजी त्या देशाला भीषण भूकंपाने गाडले. डॅनियल मोरेल हे मूळचे तेथलेच छायाचित्रकार त्या दिवशी राजधानीत होते. ढिगाऱ्यांतून फिरत त्यांनी काढलेली छायाचित्रे ट्विटरद्वारे जगासमोर ठेवली. तिऱ्हाइताने ती उचलली, स्वतःची म्हणून मिरवली आणि ‘एएफपी’ या फ्रेंच वृत्तसंस्थेने ती त्याच्याच नावावर जगभर पाठविली. ‘गेटी’ने वितरण केले. मोरेल यांनी तक्रार केली, तर वृत्तसंस्थेनेच आधी त्यांच्याविरुद्ध न्यायालय गाठले! ट्विटरवर टाकले म्हणजे वापरायला परवानगी दिलीच, असा तिचा युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने हे उल्लंघन हेतुपुरस्सर ठरवून सुमारे १२ लाख डॉलरची भरपाई दिली. पण त्यासाठी जवळजवळ चार वर्षे एका माणसाला दोन जागतिक संस्थांच्या वकिलांशी झुंजावे लागले. किती जणांची ती ऐपत असते?

चीनमधील प्रकार तर विनोदीच म्हणावा. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले. श्रेय नोंदवून कोणीही वापरावे म्हणून शास्त्रज्ञांनी ते मोकळे सोडले होते. ‘व्हिज्युअल चायना’ या पेढीने त्यावर आपला वॉटरमार्क उमटवून दुकान मांडले. लोक खवळले, तेव्हा ध्यानात आले की चीनचा राष्ट्रध्वज आणि राष्ट्रचिन्हही या महाभागांनी विक्रीस ठेवले आहे! सरकारी बडगा बसला, संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावे लागले, क्षमायाचना झाली. राष्ट्रध्वज आड आला नसता, तर इतकी तत्परता दिसली असती काय, हा प्रश्न निराळा.

आणि आता हीच ‘गेटी’ स्वतः लुटली गेल्याचे गाऱ्हाणे मांडते आहे. आपली लक्षावधी छायाचित्रे विनापरवाना उचलून यंत्राला चित्रे काढायला शिकविले, म्हणून २०२३ मध्ये तिने ‘स्टॅबिलिटी एआय’ या कंपनीला कोर्टात खेचले. लंडनच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचे बहुतांश म्हणणे अमान्य केले. यंत्राने काढलेल्या काही चित्रांवर पेढीचा वॉटरमार्क जसाच्या तसा उमटला होता, तेवढ्यापुरते तिच्या बाजूने निघाले. छायाचित्रकाराचे नाव त्या यंत्रालाही शिकता आले नाही.

आपल्याकडे कायदा दुबळा नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५७ अन्वये हक्क विकल्यानंतरही कृतीवरील कर्तेपण कर्त्याकडेच राहते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने उखडून अडगळीत टाकले, तेव्हा याच कलमाच्या बळावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्रत्यक्ष केंद्र सरकारला ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ब आले. एखाद्या कृतीसोबतची कर्त्याची व हक्कांची माहिती जाणूनबुजून काढून टाकणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि शिवाय दंड! घरच्या लग्नाची छायाचित्रे आपण पैसे देऊन काढून घेतो, तेव्हा वेगळा करार नसल्यास त्यांचा हक्क कलम १७ नुसार आपला असतो, हेही कुटुंबांनी ध्यानात ठेवावे; मुलीचे छायाचित्र उद्या साडीच्या जाहिरातीत दिसले, तर मुकाट बसण्याचे कारण नाही. तसेच, १९५० पूर्वी आपल्याकडे प्रसिद्ध झालेली छायाचित्रे भारतात आता सर्वांची आहेत. स्वातंत्र्यलढ्यातील एखादे जुने छायाचित्र परदेशी पेढीच्या वॉटरमार्कसह समोर आले, तर शुल्क भरण्याआधी ते आपल्याच एखाद्या ग्रंथालयातील जुन्या अंकात आहे का, हे प्रकाशकाने पाहावे.

परंतु पेढ्यांना बोल लावताना आपल्या अंगणात काय चालले आहे? गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, पतपेढ्यांच्या दिनदर्शिका, कितीतरी दिवाळी अंक चाळून पाहावेत. लेखकाचे नाव ठळक, मुद्रितशोधकाचे नाव आत कोठेतरी, जाहिरातदारांचे तर पानभर आभार. रायगडावरच्या पहाटेच्या छायाचित्राखाली मात्र एकच ओळ: ‘इंटरनेटवरून साभार’. हा इंटरनेट नावाचा छायाचित्रकार राहतो कोठे? थंडीत, अंधारात जो गड चढला, ढग हटेपर्यंत जो तासन्‌तास ताटकळला, तो कोणी सातारचा वा महाडचा हौशी तरुण असेल. त्याला आपले छायाचित्र छापले गेल्याचे कळतही नाही. चित्र उलटे शोधून मूळ कर्ता हुडकण्याची सोय गूगलवर फुकट आहे आणि बहुतेक वेळा काम दोन-चार मिनिटांत होते. संपादक मंडळातल्या एकाकडे तेवढेच काम सोपवावे. मानधनाच्या तक्त्यात छायाचित्राचा रकाना घालावा, मग त्यात आकडा पाचशेचा का असेना.