गाडी किती उंच हवी?



घाटातल्या चिखलातून एखादी उंच जीप ऐटीत निघाली, की तुम्ही मान वळवून बघत राहता ना? मग घरी फर्मान सुटतं, "बाबा, आपणही गाडी उंच करू या. मोठ्ठे टायर बसवू या!" बाबा लगेच पैशांचा हिशेब करू लागतात. आज आपण दुसराच हिशेब करू. घ्या वही-पेन्सिल!

नाशिकला तयार होणारी, २०२० साली आलेली तीन दारांची थार तुम्ही पाहिली असेल. तिच्या १८ इंची चाकाच्या टायरवर २५५/६५ आर १८ असं लिहिलेलं असतं. २५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १८ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत. आता २५५ चे ६५ टक्के काढा. साधारण १६६ आले ना? ही उंची रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट करा. त्यात १८ इंचांचे ४५७ मिलिमीटर मिळवा. झाला टायरचा व्यास, सुमारे ७८९ मिलिमीटर.

समजा, कुणी त्याजागी ३३ इंची टायर बसवला. त्याचा व्यास ८३८. फरक ४९ मिलिमीटरचा. मग गाडी ४९ मिलिमीटर वर गेली का? छे! गाडी चाकाच्या मध्यावर टेकलेली असते, म्हणून त्रिज्येतला फरकच कामी येतो. तो निम्मा, म्हणजे जेमतेम एक इंच!

आणखी एक गंमत बघा. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण काटा जुन्याच मापाने वेग दाखवतो. काटा ६० दाखवील, तेव्हा गाडी जवळजवळ ६४ च्या वेगाने धावत असेल. चालकाला पत्ताही नसेल!

मग स्प्रिंगा उंच करून, म्हणजे सस्पेन्शन लिफ्ट करून, काय होतं? गाडीचं धड वर जातं. पण थारच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा आस, म्हणजे ॲक्सल, आणि त्याच्या मधला दातेरी चाकांचा गोळा तिथेच राहतो. तो दगडावर आपटू नये असं वाटत असेल, तर टायरच मोठा हवा. लिफ्टचा उपयोग दोन गोष्टींसाठी. गाडीचं पोट वर जातं आणि मोठा टायर मडगार्डला घासत नाही. म्हणून जाणकार आधी विचारतात, "जायचं कुठे?" त्यावरून टायर ठरतो आणि तो मावेल एवढीच लिफ्ट.

"एवढीच" का? एक प्रयोग करा. पुठ्ठ्यावर खरखरीत कापड पसरा. त्यावर एक काडेपेटी आडवी आणि एक उभी ठेवा. आता पुठ्ठा एका बाजूने हळूहळू उचला. आधी कोण कोलमडलं? उभी पेटी! वजनाचा मध्य जितका वर, तितकी कलंडण्याची भीती जास्त. घाटातल्या वळणावर उंच गाडीचंही असंच होतं. शिवाय जड, मोठी चाकं थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात, फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो. स्प्रिंग लांबली, की ब्रेकची नळीही पुरेशी लांब आहे ना, हे बघावं लागतं. मागच्या सीटवर तुम्हीच बसलेले असता, हे विसरू नका!

आइसलँड देशात हिमनद्यांवर जाण्यासाठी ३८ इंची आणि त्याहूनही मोठ्या टायरच्या जीपगाड्या असतात. पण त्यांची खरी करामत नुसत्या उंचीत नाही. मऊ बर्फ लागला, की चालक टायरमधली हवा खूप कमी करतात. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि गाडी रुतत नाही. वाळूतही हीच युक्ती चालते. मात्र गाडी हळू हाकायची आणि पक्क्या रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची. या युक्तीला खर्च कितीसा? हवा भरायच्या पंपाचा!

आता पालकांसाठी दोन शब्द. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. तेव्हा गॅरेजमध्ये जाण्याआधी आर.टी.ओ.त आणि विमा कंपनीत जरूर विचारा. बहुतेक सहलींना कंपनीच्याच मापाचे, खोल नक्षीचे चांगले टायर आणि चालवणाऱ्याचा शांत हात पुरतो.

आणि मुलांनो, तुमचा गृहपाठ! घरच्या गाडीच्या किंवा स्कूटरच्या टायरवरचे आकडे वाचा आणि व्यास काढा. मग टेप लावून मोजा. उत्तर जुळलं का, ते आई-बाबांना दाखवा!