जुना ट्रक आणि विजेची पायरी

आज जरा वेगळ्या विषयावर. १९७२ सालच्या ट्रकला विजेवर आत-बाहेर होणारी पायरी बसवावी का? माझं मत: बसवावी. पण कोणासाठी आणि कशी, यावर बरंच काही अवलंबून आहे.

आधी थोडा खुलासा. अमेरिकेत 'ट्रक' म्हणजे आपला हॉर्न ओके प्लीजवाला ट्रक नव्हे. पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी पिकअप. फोर्डची एफ-१००, शेवरलेची सी-१० आणि तिचा फोर व्हील ड्राइव्ह भाऊ के-१०, या इकडच्या लोकांच्या जीव की प्राण असलेल्या गाड्या. आपल्याकडे बुलेटवाल्यांशी बुलेटबद्दल बोलून बघा, तसाच प्रकार.

विजेची पायरी म्हणजे दाराखाली दडलेली एक लांब पट्टी. दार उघडलं की मोटर फिरते, दोन बिजागऱ्यांवर पट्टी खाली आणि बाहेर येते. दार लावलं की थोड्या वेळाने परत आत. २००३ सालच्या लिंकन नॅव्हिगेटरवर ही सोय कंपनीतूनच आली होती. आता नव्या पिकअपसाठी तयार किट मिळतात आणि त्यातली बरीचशी गाडीच्या ओबीडी पोर्टला जोडली की कोणतं दार उघडलं ते गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. सोप्पं काम! पण अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं १९९६ सालापासून. १९७२ च्या ट्रकमध्ये विचारायला कोणी नाहीच. तिथे कॉम्प्युटर म्हणजे स्टिअरिंगमागे बसलेला माणूस.

आता मुद्द्याचं. मी सध्या डेट्रॉइटच्या उत्तरेला एका उपनगरात ऑनसाइट आहे. आमच्या शेजारी एक रिटायर्ड जोडपं राहतं. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा-आजी म्हणतो. (तोंडावर नावाने हाक मारतो, इथे तसंच चालतं. पहिले सहा महिने माझी जीभ रेटत नव्हती!) आजोबांकडे १९७२ ची के-१० आहे. बिस्किटी आणि पांढरा रंग, पुढे एकच लांब सीट. ट्रक एकदम चालू कंडिशनमध्ये आहे, पण आजींच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून त्या त्यात बसल्याच नव्हत्या. आम्ही टेप लावून मोजलं. जमिनीपासून केबिनच्या उंबरठ्यापर्यंत २५ इंच. घरातल्या जिन्याची पायरी असते सात-आठ इंचांची. म्हणजे एका दमात तीन पायऱ्या, त्याही वाकून, दाराला धरून. आमची आई सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा भाड्याच्या एसयूव्हीत चढताना साडीचा घोळ सावरत "अरे ही गाडी आहे की माळा?" म्हणाली होती, ते आठवलं.

आजोबांनी विजेची पायरी बसवायची ठरवली आणि त्यांच्या मित्रमंडळात एकदम दोन तट पडले. जुन्या गाड्यांच्या जगात हे भांडण कायमचं आहे. एक गट म्हणतो, कारखान्यातून आली तशीच ठेवा, बोल्टसुद्धा त्याच खुणेचा हवा. दुसरा गट रेस्टोमॉडवाला: बाहेरून जुनी, आतून नवी. इथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझ भरते. १९९५ साली फर्नडेलमधल्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला ती सुरू झाली आणि आता तिथे जुन्या गाड्यांचा नुसता पूर येतो. तिथे दहा मिनिटं उभं राहिलात तरी हे दोन्ही गट ऐकायला मिळतील. पहिल्या गटाचं म्हणणं असं की १९७२ च्या ट्रकखालून रोबोटसारखी पायरी बाहेर येणं म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज. (उपमा माझी, भावना त्यांची.)

त्यांचं म्हणणं मी सरसकट उडवून लावणार नाही. १९७२ हे त्या बॉडीचं शेवटचं वर्ष, १९७३ पासून सगळा आकारच बदलला. न कापलेले, न छेडलेले ट्रक दरवर्षी कमीच होणार. एकदा भोक पाडलं की ते पाडलं.

पण इतिहासाचाच आधार घ्यायचा तर पायरी ही ट्रकला परकी गोष्ट नाहीच मुळी. पूर्वीच्या सगळ्या पिकअपना दाराखाली रनिंग बोर्ड असायचे. १९५५ मध्ये शेवरलेने नवा ट्रक आणला, त्यात पायरी दाराच्या आत लपवली, म्हणजे दार बंद असताना तिच्यावर चिखल-बर्फ बसू नये. म्हणजे "हवी तेव्हा दिसावी, एरवी नको" ही आयडिया तेव्हापासूनची! मग १९५७ ला फोर्डचा स्टाइलसाइड आणि १९५८ ला शेवरलेचा फ्लीटसाइड असे सपाट, गुळगुळीत बाजूंचे हौदे आले आणि पायरी हळूहळू मागे पडली. ज्यांना जुन्या पद्धतीचा हौदा हवा त्यांच्यासाठी शेवरलेने तो विकणं चालूच ठेवलं, आणि त्याचं नाव काय? स्टेपसाइड! केबिन आणि मागच्या चाकाच्या मधल्या पायरीवरून पडलेलं नाव. तेव्हा "पायरीने ट्रकचा अपमान होतो" हे काही मला पटत नाही.

"मग लोखंडी पाइपची कायमची पायरी लावा की" असं कोणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो. ती स्वस्त आहे, बिघडत नाही. पण के-१० च्या उंचीला उपयोगी पडायची तर ती खूप खाली आणि बाहेर हवी, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पहिली तीच आपटणार. वर सरकवली तर आजींना उपयोग शून्य.

मग प्लॅस्टिकचं स्टूल? दहा-पंधरा डॉलरचं काम. या स्टुलाबद्दल आजींनी जे सांगितलं, त्याने माझं मत पक्कं झालं. त्या म्हणाल्या, स्टूल ठेवायला कोणीतरी लागतं, मी चढले की उचलायला कोणीतरी लागतं, आणि दुकानासमोर उतरताना सगळे बघत असतात. इथे ट्रकमध्ये चढता येणं एवढाच प्रश्न नव्हता. कोणाला हाक न मारता चढता येणं, हा होता. आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "मी आहे ना, धरतो की" म्हणतो ते प्रेमानेच. पण रोज कोणाला तरी बोलवावं लागलं की माणूस हळूहळू बाहेर पडायचंच टाळतो. हे मी माझ्या आजीच्या बाबतीत पाहिलंय. बसची पहिली पायरी उंच, म्हणून तिने माहेरी जाणं सोडलं. कारण मात्र कायम "आता कंटाळा येतो" असं सांगायची.

तर, बसवावी. आता कशी? इथे मेकॅनिकलची डिग्री (चार वर्षं आणि दोन केट्या, नंतर आयटी!) जरा कामाला आली. आम्ही तीन शनिवार खर्ची घातले.

पहिला प्रश्न: पायरी टांगायची कशाला? दाराखालचा पत्रा, ज्याला रॉकर पॅनेल म्हणतात, तो या ट्रकमध्ये सगळ्यात आधी गंजतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तर विचारूच नका. त्याच्यावर माणसाचं वजन टाकणं म्हणजे पापडावर उभं राहणं. म्हणून ब्रॅकेट खालच्या चासीलाच हवा. पण चासी केबिनपेक्षा अरुंद, त्यामुळे ब्रॅकेट लांब होतो. समजा ९० किलोचा माणूस चासीपासून ४० सेंटिमीटरवर उभा राहिला, तर सुमारे ३५० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. चाकाचे नट आवळायला लागतो त्याच्या साधारण तिप्पट. आणि या ट्रकची चासी उघड्या 'सी' आकाराची, जी पिळाला मुळातच नाजूक. म्हणून वरची-खालची पट्टी भोकं पाडून कमजोर करायची नाही. आधीपासून असलेली भोकं वापरायची आणि ब्रॅकेट चासीच्या उंचीभर टेकेल असा बनवायचा. वेल्डिंग तर अजिबातच नाही. या मॉडेलची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते (हो, खरंच!) आणि पेट्रोलची नळी खालून चासीच्या कडेने जाते.

दुसरा प्रश्न वायरिंगचा. दार उघडल्यावर केबिनचा दिवा लागतो, मग तोच सिग्नल वापरू, हा पहिला विचार. पण दोन्ही दारांचे स्विच एकाच दिव्याला समांतर जोडलेले असतात. दार कोणतंही उघडा, दिव्याला फक्त "कोणीतरी उघडलं" एवढंच कळतं. म्हणजे आजोबा त्यांच्या बाजूने उतरले की पलीकडची पायरीही बाहेर, तिकडे कोणी उभं असेल तर थेट नडगीवर! म्हणून प्रत्येक दाराला वेगळा चुंबकाचा स्विच लावला. करंट थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज आणि वेगळा रिले. जुन्या फ्यूज बॉक्सला हात लावला नाही. ऑफिसमध्ये जुन्या सिस्टीमला नवं मॉड्यूल जोडतानाही आपण हेच करतो ना? जुन्या कोडमध्ये न घुसता बाजूने जोडायचं, आणि नवं झोपलं तरी जुनं चालू राहिलं पाहिजे.

एक छोटा पण महत्त्वाचा हिशोब. पायरीचा कंट्रोलर जागा राहायला समजा २० मिलिअँपिअर खातो. महिनाभर ट्रक उभा राहिला तर १४.४ अँपिअर-अवर गेले, म्हणजे साठच्या बॅटरीतली जवळपास पाव. रोजच्या गाडीत हे कळत नाही, पण असे ट्रक महिनोन्महिने उभेच असतात. म्हणून पायरीच्या सर्किटला तोडायचा स्विच हवाच.

पण माझ्या मते खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. पायरी नसलेल्या गाडीतून माणूस जपून उतरतो. पायरी रोज असेल आणि एक दिवस नसेल, तर तो सवयीने पाय टाकतो आणि पडतो. बर्फाने बिजागरी अडकली, फ्यूज गेला, काहीही होऊ शकतं. किटच्या जाहिरातीत मोटर किती गुपचूप चालते ते रंगवून सांगतात, बिघडली तर पायरी कुठे थांबेल ते शोधावं लागतं. आम्ही डॅशबोर्डच्या खाली, पत्र्याला भोक न पाडता, तीन जागांचा स्विच लावला: आपोआप, कायम बाहेर, कायम आत. जरा जरी शंका आली तरी "कायम बाहेर". ट्रक हळू चालवत घरी नेता येतो, खुब्याचं हाड मात्र सहजासहजी जुळत नाही. शिवाय दाराच्या खांबाला धरायची मूठ आणि पायरीवर छोटा दिवा. आजींना सांगितलं, आधी खाली बघायचं, मग पाय. त्यांनी मला उलट सुनावलं, "ते मी तू जन्मायच्या आधीपासून करते."

खर्च? चांगलं किट हजार डॉलरच्या पुढेच जातं, ब्रॅकेट वेगळे. आणि म्हणूनच नुसत्या शोसाठी, पार्किंगमध्ये चार लोकांनी "वॉव" म्हणावं म्हणून कोणी ही पायरी बसवत असेल, तर मी सरळ त्या 'बोल्टसुद्धा तोच हवा' गटात जाऊन बसेन. जुन्या यंत्रात नवी गुंतागुंत घालायची तर तिची गरज असलेला एक तरी माणूस समोर दाखवता आला पाहिजे. आणि उद्या ती काढून टाकली तर ट्रक १९७२ सालचाच निघाला पाहिजे. या दोन अटी पाळल्या तर "ओरिजिनल राहिली नाही" ही तक्रार माझ्या लेखी संपली. शेवटी शेवरलेने ती लांब सीट दोन-तीन माणसांसाठी बनवली होती. त्यातलं एक माणूस कायमचं घरी बसणार असेल, तर तो ट्रक कितपत ओरिजिनल उरला, हाही हिशोब शुद्धतावाल्यांनी एकदा करावा.

असो. तुमच्याही घराखाली एखादी उंच, नवीकोरी एसयूव्ही उभी असेलच. येत्या रविवारी टेप घेऊन तिचा उंबरठा मोजा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, एकट्याने चढता येतं का? "मला कुठे जायचंय आता" असं उत्तर आलं, तर पायरीचं बघा.