लग्नाचे दागिने आणि लॉजची खोली

दोन वर्षांपूर्वी आमच्या मामेबहिणीच्या मुलीच्या निकाहसाठी आम्ही सोलापूरहून हैदराबादला गेलो होतो. मुलीच्या घरी पाहुण्यांची दाटी, म्हणून नामपल्ली स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये आमच्यासाठी खोली घेतलेली. आम्ही दोघे, मुले आणि अम्मी. लग्न म्हटले की दागिने आलेच. अम्मींनी दोन पाटल्या, चंदनहार आणि त्यांच्या आईकडून आलेले झुमके बरोबर घेतले होते. हार आणि पाटल्या त्यांनी अंगावरून उतरवल्याच नाहीत. झुमके मात्र जड, कान दुखतात म्हणून रात्री काढून ठेवले.

वलीम्याच्या दिवशी सकाळी झुमके सापडेनात. बॅग उलटी केली, गाद्या उचलल्या, मुलांचे बूट झटकले. आम्ही खाली नाश्त्याला गेलो असताना चादरी बदलायला एक मुलगा येऊन गेला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. मग काय, आम्ही तडक काउंटरवर. मॅनेजरने त्याला बोलावले आणि सगळ्यांसमोर खिसे उलटे करायला लावले. एक मोबाइल, एक चावी आणि दहा-दहाच्या काही नोटा. तो काही बोलला नाही. आम्हीही मॅनेजरला थांबवले नाही.

रात्री वलीम्याहून परतल्यावर अम्मींनी पंजसुरा वाचायला घेतला आणि जुजदानातून झुमके त्यांच्या मांडीवर पडले. ‘इथे कोण हात घालणार’ म्हणून त्यांनीच ते तिथे ठेवले होते आणि लग्नाच्या गडबडीत विसरून गेल्या होत्या. आम्ही तसेच खाली गेलो. मुलाची ड्यूटी संपली होती. माफी मागायची आहे म्हटल्यावर मॅनेजर हसला, “छोड़ो जी, ये तो रोज का है.” आमची परतीची गाडी पहाटेची होती.

वर्गात कुणाचे पेन हरवले की आम्ही आधी त्यालाच त्याचे दप्तर नीट तपासायला लावतो. इतकी वर्षे हेच करीत आलो, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा दुसऱ्याचा खिसा तपासला.

परक्या खोलीत वस्तू लपवून ठेवण्यात हाच घोळ आहे. उशीचा अभ्रा, कपड्यांची घडी, पावडरचा रिकामा डबा, आपल्याला सुचणाऱ्या या जागा चोरालाही सुचतात. आपणच जागा विसरलो तर संशय गरिबावर जातो. आणि खरोखर चोरी झाली तर हातात पुरावा काही नसतो. झुमके आम्ही बरोबर आणले होते, हे तरी आम्ही पोलिसांना कशावरून दाखवणार होतो?

त्यापेक्षा वस्तू सरळ काउंटरवर सोपवावी आणि पावती घ्यावी. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत पाहुण्यांसाठी लॉकरची सोय असते. विचारायला आपण लाजतो. अमानत हा शब्द आपल्या घरांत लहान मुलालाही कळतो. कायदाही काहीसे तेच म्हणतो. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 151 नुसार, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने, एखादा समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. 1998 मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात पाहुण्याने गाडी लावण्यासाठी हॉटेलच्या माणसाच्या हवाली केली आणि ती तिथून चोरीला गेली. गाडीची जोखीम मालकाची, असे पार्किंगच्या चिठ्ठीवर छापलेलेच होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयाने सांगितले की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील ओळीआड झटकता येणार नाही.

पण यातली मेख ‘ताब्यात घेतल्यावर’ या शब्दांत आहे. न सांगता खोलीत ठेवलेल्या वस्तूसाठी भांडणे फार कठीण जाते. म्हणून देताना पुडके त्यांच्यासमोर उघडावे, कागदावर एकेक नग लिहावा, वजन ठाऊक असेल तर तेही, आणि खाली त्यांची सही-शिक्का घ्यावा. त्यांना राग आला तर येऊ द्यावा.

खोलीतल्या आकडे दाबायच्या छोट्या तिजोरीवर आमचा भरवसा मध्यमच. पाहुणा आकडा विसरला तर ती उघडण्याची सोय हॉटेलवाल्यांकडे असते, असावीच लागते. तिजोरी भिंतीला पक्की बसवलेली आहे का, हे आधी हलवून पाहावे. दार उघडे ठेवून आकडा एकदा तपासावा. आणि कृपा करून जन्मसाल टाकू नये.

साध्या लॉजमध्ये यातले काहीच नसते. तिथे दागिना नातेवाइकांच्या कपाटात बरा, आणि बँकेच्या लॉकरमधून न काढलेला त्याहून बरा. कडी-कोयंड्याचे दार असेल तर आपले स्वतःचे कुलूप न्यावे, बरेच लॉजवाले हरकत घेत नाहीत. साफसफाई आपण खोलीत असतानाच करून घ्यावी. सामान नजरेसमोर राहते, आणि काम करणाऱ्यावरही किटाळ येत नाही.

उमऱ्याला जाणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. पॅकेजमध्ये एका खोलीत चार-पाच अनोळखी माणसे, तिजोरी असलीच तर एक. तिचा आकडा कुणाचा, यावरून रुसवेफुगवे झालेले आम्ही ऐकले आहेत. पुरुषांच्या इहरामला खिसा नसतो, म्हणून कमरेचा पट्टा घेतात तो ठीक. पण सगळे रियाल त्यातच कोंबू नयेत. थोडे पट्ट्यात, थोडे जोडीदाराकडे, आणि पासपोर्टची झेरॉक्स मूळ पासपोर्टपासून वेगळ्या जागी.

रोख रकमेचे भारतात तरी आता सोपे झाले आहे. चारमिनारजवळच्या लाड बाजारात बांगड्यांचे पैसेही मोबाइलवरून देता येतात. फक्त मोबाइलच गेला तर काय, याचा विचार करून बँकेचा नंबर कागदावर लिहून ठेवावा. ऑनलाइन पैसे गेल्यास 1930 वर लगेच फोन करावा.

अम्मी आता प्रवासाला निघताना दागिन्यांची यादी करतात आणि कुठे काय ठेवले ते नातवाला सांगून ठेवतात. मोबाइलवर फोटोही काढून घेतात.

गेल्या डिसेंबरात पुन्हा हैदराबादला जाणे झाले. आम्ही मुद्दाम त्या लॉजवर गेलो. काउंटरवर नवा माणूस होता. त्याने विचारले, नाव काय मुलाचे? ते आम्ही त्या दिवशीही विचारले नव्हते.