तंतू शाबूत, पाते निकामी

कोयनेच्या जलाशयावरचे वनकुसवडेचे पठार, ठोसेघरजवळचे चाळकेवाडी, धुळ्यातले ब्राह्मणवेल. महाराष्ट्राची पवनऊर्जा उभी राहिली ती अशा माळांवर, गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या पहिल्या दशकात. आज राज्यात ५,००० मेगावॉटहून अधिक क्षमतेच्या पवनचक्क्या आहेत. पवनचक्कीचे आयुष्य साधारण २० वर्षे धरून तिची रचना केलेली असते, म्हणजे यातल्या कितीतरी यंत्रांनी ती मुदत ओलांडली आहे किंवा ओलांडण्याच्या बेतात आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्या बदलण्याचे आणि त्यांचे आयुष्य वाढवण्याचे धोरण जाहीर केले. जुनी यंत्रे सरसकट भंगारात जाऊ नयेत, हे मान्यच. पण पात्याच्या थरांमध्ये काय चालले आहे ते पाहिल्याशिवाय कोणत्याही यंत्राला वाढीव आयुष्य देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. बाहेरून काढलेली छायाचित्रे त्यासाठी पुरेशी नाहीत. का, ते समजण्यासाठी ‘फायबर’ या पदार्थाचा स्वभाव पाहावा लागेल.

पाते बनते काचेच्या तंतूंच्या कापडाचे थर एकावर एक रचून आणि ते रेझिनमध्ये भिजवून घट्ट करून. तंतूंच्या दिशेने खेचले तर हा पदार्थ दर चौरस मिलिमीटरला १०० किलोच्या आसपास भार सोसतो. थरांच्या मधे मात्र तंतू नसतात, तिथे फक्त रेझिन असते. एक थर दुसऱ्यापासून उचकटायला त्याच्या विसाव्या हिश्शाइतका जोरही पुष्कळ झाला. थर एकमेकांना धरून आहेत तोवर संपूर्ण जाडी एकजीव होऊन वाकण्याला विरोध करते. पाने एकमेकांना चिकटवलेली वही वाकवून पाहा आणि सुटी वही वाकवून पाहा, कागद तितकाच असूनही फरक हाताला कळतो. त्यामागचे गणित सोपे आहे. जाडी निम्मी झाली की वाकण्याला होणारा विरोध आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे बरोबर मधोमध थर सुटून एका फळीच्या दोन झाल्या, तर दोन्हींचा मिळून विरोध मूळच्या चौथा हिस्साच उरतो. एकही तंतू तुटलेला नसतो. तीच फळी लांबीच्या दिशेने खेचून पाहिली तर ती जवळपास पूर्वीइतकाच भार पेलते आणि चाचणीत उत्तीर्णही होते. पण पात्याची एक बाजू वाऱ्याने ताणली जाते तेव्हा पाठीमागची बाजू दाबली जाते, आणि दाबाखाली सुटा पडलेला पातळ थर बाहेरच्या बाजूला फुगतो. त्या फुगण्याने शेजारची पकड आणखी उचकटते. शेवटी तंतू तुटतात तेव्हा आपल्याला ते ‘अचानक’ वाटते, पण खरा बिघाड कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

त्याची सुरुवात अनेकदा कारखान्यातच होते. रेझिन भरताना अडकलेली हवा, नीट न भिजलेला तंतूंचा पट्टा, कापडाला पडलेली सुरकुती, जाडी कमी करताना जिथे थर संपवला ती कड, पात्याच्या दोन अर्धुकांचा चिकटवलेला जोड: या कमकुवत जागा. पुढचे काम फिरणे करते. मिनिटाला १५ फेऱ्या धरल्या तर अखंड चालणारे पाते वर्षाला सुमारे ७९ लाख वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत त्याच्या स्वतःच्या वजनाचा ताण एकदा एका कडेला, एकदा दुसऱ्या कडेला येतो. वीस वर्षांत हा आकडा १५ कोटींच्या पुढे जातो. त्यात सह्याद्रीचा पाऊस. थेंबांच्या माऱ्याने पात्याची पुढची कड झिजते, झिजलेल्या जागेतून ओल आत शिरते, आणि वीज पडली तर त्या ओलीची क्षणात वाफ होऊन थर फाटतात.

टायटन पाणबुडीचा अपघात याच दृष्टीने पाहावा. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना ती चिरडली गेली आणि पाच माणसे मेली. तिचे नळकांडे कार्बन तंतूंचे, पाच जाड थरांत बनवलेले होते. अमेरिकेच्या तपास यंत्रणेला त्यात सुरकुत्या, पोकळ्या आणि सुटलेले थर आढळले. जुलै २०२२ मधल्या एका फेरीच्या शेवटी मोठा आवाज झाला होता. त्यानंतर नळकांड्याची वागणूक बदलल्याचे तिच्यावरच्या संवेदकांनी नोंदवलेही होते, पण त्या नोंदींचा अर्थ नीट लावला गेला नाही आणि पाणबुडी पुन्हा खोल पाण्यात गेली. म्हणून ‘संवेदक बसवले की झाले’ हा युक्तिवाद मला पटत नाही. नोंद वाचणारा आणि यंत्र थांबवण्याचा अधिकार असलेला माणूसही हवा.

यावर पहिला आक्षेप अभियंतेच घेतील: प्रत्येक सुटलेला थर घातक नसतो, लहानसहान दोष घेऊन पाती वर्षानुवर्षे सुखरूप फिरतात. हे खरे आहे. दोष कुठे आहे आणि तो वाढतो आहे की नाही, यावर सगळे अवलंबून असते. पण वाढतो की नाही हे एका तपासणीत कळत नाही. त्यासाठी आज मोजून ठेवायचे आणि काही काळाने त्याच जागी पुन्हा मोजायचे. म्हणजे हा आक्षेप तपासणी टाळण्याचे कारण ठरत नाही, उलट ती नियमित करण्याचे कारण ठरतो. शिवाय धोका फक्त म्हाताऱ्या यंत्रांनाच असतो असेही नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने अमेरिकेतल्या काही पात्यांना भेगा आढळल्यावर मार्च २००८ मध्ये १,२५१ पाती बळकट करण्याचा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा ती यंत्रे नवीच होती. भेग म्हणजे थर सुटणे नव्हे. पण दोष उघड मांडून त्यावर काम करता येते, एवढे त्यातून नक्की दिसते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. लहान जुन्या यंत्राचे उत्पन्न बेताचे, त्यावर तपासणीचा बोजा कोण उचलणार? याला उत्तर क्रमात आहे. सगळे पाते इंचाइंचाने तपासायची गरज नसते. बुडाकडचा जाड भाग, आतला मुख्य पट्टा आणि चिकटवलेली मागची कड एवढे आधी पाहावे. रस्ते, वस्त्या आणि राबत्या शेतांजवळची यंत्रे आधी घ्यावीत. पहिली चाळणी ठोकून करता येते, कारण सुटलेल्या जागेचा आवाज बद्द येतो. ती पुरेशी मात्र नाही. मार्च २००५ मध्ये क्यूबाहून निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या विमानाचे सुकाणू हवेतच बहुतांश निखळले. विमान सुखरूप उतरले, पण पाहणे आणि ठोकणे एवढ्यावर विसंबलेली तपासणी अपुरी असल्याचे कॅनडाच्या तपासात पुढे आले. म्हणून शंका आली तिथे अल्ट्रासाउंड हवेच.

हे काम करणारी माणसे बाहेरून आणायचे कारण नाही. शिरूर तालुक्यात केंदूरच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकता येते या विश्वासावर. अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब तिच्या आवाराबाहेर पहिल्यांदा आली ती याच पाबळमध्ये, २००२ साली. ज्या शिक्षणातून केंदूर-पाबळची मुले वेल्डिंग, बांधकाम, इलेक्ट्रॉनिक्स हाताळतात, त्यात फायबरचा तुकडा बनवणे, मुद्दाम दोष ठेवणे, तो ठोकून आणि अल्ट्रासाउंडने शोधणे बसवता येईल. पाटण आणि साक्री तालुक्यांतल्या आयटीआयमध्येही ते शिकवता येईल, कारण यंत्रे त्यांच्याच दारात आहेत. आणि आयुष्य वाढवून मागणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत प्रत्येक पात्याचा दोष-नकाशा, पुढच्या मोजणीची तारीख आणि कोणत्या मर्यादेला यंत्र थांबवणार तो आकडा, एवढे तीन कागद राज्य सरकारने सक्तीचे करावेत आणि ते संबंधित ग्रामपंचायतीत पाहायला मिळावेत.